शेवटचं रीळ उशिरा आलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय एरॉलसर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले सिप्रियनभाऊ, त्यांना ऑस्ट्रेलियाला न्यायला आलेली त्यांची लेक टिफनी, आणि गास-भुईगावच्या माझ्या मंडळींनो, सर्वांना सस्नेह नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जिने जन्मभर शाळेत तास घेतले, तिला पाच मिनिटं देणं हा त्यांचा भाबडेपणा. असो.

नव्या पिढीला सिप्रियनभाऊ माहीत आहेत ते लग्नातल्या लाऊडस्पीकरमुळे. पण त्याआधी ते आपल्या दर्यालक्ष्मी टॉकीजचे ऑपरेटर होते. आज तिथे टॉवर आहे. त्याच्या पार्किंगमधून जाताना मला अजून वाटतं, इथे बाल्कनीचा जिना होता.

मुलांनो, तेव्हा दोन टॉकीजमध्ये मिळून सिनेमाची एकच प्रत असायची. वसईला खेळ आधी सुरू व्हायचा. तिथे दाखवून झालेली रिळं पेटीत घालून आपला ऑस्टिन स्कूटरवरून इकडे आणायचा.

अशात एक प्रेमकथा लागली. नायिका धावत धक्क्यावर येते. अर्ध्या सिनेमात तिची बोट चुकते, ती गावातच राहते आणि गावातल्याच माणसाशी संसार करते. उरलेल्या अर्ध्यात तीच बोट तिला मिळते, आणि आयुष्यच निराळं होतं.

मी तेव्हा शाळेत नवीन लागले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नागपूरचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी आमची नागपूरची गाडी होती. आणि त्याच आठवड्यात, गासच्या वाडीत राहणाऱ्या आमच्या श्रीरंग मास्तरांनी स्टाफरूममध्ये, वह्यांवरची मान वर न करता, मला विचारलं होतं, "मनोरमाबाई, राहाल का इथेच?" उत्तर द्यायचं सोडून मी सिनेमाला गेले! असं कुणी करतं का?

पडद्यावर नायिका बोटीत चढली, शहरात गेली. मी मनात म्हटलं, झालं, हिचं ठरलं, आपलंही ठरलं. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि पुन्हा तोच धक्का आला. ती धावत येते, बोट सुटलेली. मागे वळते, तर तो गावातला माणूस उभा. दोघं हसत घराकडे निघतात. दिवे लागले, टाळ्या पडल्या, आणि मी आपली पदराने डोळे पुसत बसले.

सकाळी अण्णांना म्हटलं, "आजची गाडी चुकू दे." अण्णा गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग लग्नाला मात्र तेच सगळ्यात पुढे.

पुढे कित्येक वर्षांनी नात उन्नतीने तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. मी आणि श्रीरंग ओट्यावर बघत बसलो. शेवट आला. ती दोघं म्हातारपणी त्याच धक्क्यावर भेटतात आणि एकमेकांना न ओळखता निघून जातात. संपलं! मी म्हटलं, "अहो, आपला शेवट कुठे गेला?" तर म्हणाले, "सिप्रियनला विचार."

मी विचारलं. भाऊ काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत सांगते.

"बाय, त्या दिशी ऑस्टिन भुईगावच्या गल्लीत अडकला. लग्नाचा बँड होता, घरच्याच लोकांनी त्याला स्कूटरवरून खेचून नाचवला. शेवटची पेटी आलीच नाय. लोकं बसलेली. मंग हाताशी होता तो आधीचाच, बोट चुकते तो रील परत चढवला. वाटला, आता खुर्च्या मोडतील. तर कोन काय बोललाच नाय!"

बोलणार कसं? सिनेमाच तसा. सगळ्यांना वाटलं, हीच गंमत आहे.

ऑस्टिन, मागे बसून हसू नकोस. तू नाचलास म्हणून माझी वरात निघाली.

हे घरी सांगितलं तेव्हा श्रीरंग ठसका लागेपर्यंत हसले. मग हळूच विचारलं, "खरं रीळ आलं असतं, तर गेली असतीस?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "गेले असते." मग म्हणाले, "ऑस्टिनला एकदा जेवायला बोलाव."

गेल्या वर्षी श्रीरंग गेले. सिप्रियनभाऊ, शेवटचं रीळ प्रत्येकाच्या दारी येतंच, माझ्याही आलं. पण ते त्या संध्याकाळी वेळेवर आलं असतं, तर माझा संसार मला बघायलाच मिळाला नसता. हे आभार मानायचे राहिले होते. आज मानते.

टिफनी, बाबांना जप. आणि भाऊ, तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. विमान चुकलंच, तर निवांत परत या, मी चहा ठेवते.

आयोजकांची आणि आपणा सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात काही मागचं पुढे, पुढचं मागे झालं असेल, तर त्या संध्याकाळी जसं गोड मानून घेतलंत, तसंच आजही घ्या.