सगळ्यात हलकी बाबागाडी

घडी घालताना पोर कुठं ठेवायचं? नाही, तुम्हीच सांगा! एवढं साधं विचारलं होतं मी. दुकानातल्या मुलीला विचारलं, तिच्या साहेबाला विचारलं, रस्त्यात भेटलेल्या एका आजीबाईला विचारलं, भाऊजींना तर रोज विचारलं... कुणी सांगेल तर शपथ! सगळे दाखवतात काय, तर बटण दाबा, दांडी ओढा, खटॅक्, झाली घडी. एका हातानं! अहो, पण एका हातानं घडी होत असते तेव्हा पोर असतं कुठं? हवेत?

तुम्ही म्हणाल, ह्याचं लग्न नाही, लेकरू नाही, ह्याला कशाला हव्यात बाबागाडीच्या चौकशा? बरोबर आहे. मी सामान हलवणारा माणूस. लोक घर बदलतात, त्यांची कपाटं, पलंग, फ्रिज एका जिन्यानं उतरवायचे आणि दुसऱ्या जिन्यानं चढवायचे, हे माझं काम. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही. पण जड काय नि हलकं काय, एवढं आपल्याला कळतं, असं मला वाटायचं.

तर झालं काय, माझी ताई गेली. हिवाळ्यात. ताप उतरेना म्हणून दवाखान्यात निघाली, दारातून वळून मला म्हणाली, "गॅसवर दूध आहे रे, बघ जरा." मी बघत बसलो. तुम्हाला सांगतो, एक थेंब उतू जाऊ दिला नाही. दूध राहिलं. ताई मात्र... असो.

मागं दोन पोरं. थोरली मुंगी. चार वर्षांची, सारखी कुठून तरी काहीतरी उचलून कुठं तरी नेत असते. धाकटा बोका. दीड वर्षाचा, खातो, ओरबाडतो आणि दुपारी माझ्या पोटावर झोपतो. खरी नावं आहेत हो त्यांना, पण ती कागदावर. ही ताईनं ठेवलेली.

आणि भाऊजी. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. माणूसही काचेसारखाच, समोर असला तरी त्याच्यातून पलीकडचं दिसतं. त्यांची बहीण राहते लांब, समुद्रापलीकडे, मधे विमान बदलून जावं लागतं. ती म्हणाली, पोरांना घेऊन इकडेच ये, मी आहे. ठरलं. आणि निघायच्या पंधरा दिवस आधी भाऊजी जेवता जेवता म्हणतात, "दोघांना एकट्यानं न्यायला नाही जमायचं मला. मुंगीला नेतो. बोका राहू दे तुमच्याकडे. पुढं बघू."

आईनं ताट बाजूला सारलं. आणि मी उसळलो! माझं हे असंच, तोंड आधी पळत सुटतं, मी मागून चालत येतो. म्हणालो, "भावंडं तोडायची नाहीत! ताईनं ऐकलं असतं का हे? मी आणतो गाडी! सगळ्यात हलकी! एका हातानं मिटणारी! मग जमेल ना?"

भाऊजी म्हणाले, "गाडी जमली तर जमेल."

झालं! कळलं का तुम्हाला मी काय करून बसलो? चांगली गाडी आणली तर बोका जाणार. भिकार आणली तर बोका राहणार. आणि निवडणार कोण? ज्याच्या पोटावर तो झोपतो, तो!

गेलो दुकानात. काय सांगू तुम्हाला... फरशी अशी गुळगुळीत, की पाण्यावर उभं राहिल्यासारखं वाटावं. कुठून तरी बारीक संगीत. आणि रांगाच रांगा गाड्यांच्या, सगळ्या रिकाम्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. जणू सगळी पोरं एकदम उठून कुठं तरी खेळायला गेलीत आणि गाड्या त्यांची वाट बघत थांबल्यात. मी एकीला नुसतं बोट लावलं, तर ती निघाली. आपली आपण... हळू... थेट त्या टोकाच्या आरशापर्यंत. मी बघतच राहिलो. आरशात तिच्या मागं कुणी तरी उभं असणार असं मला उगीच वाटलं. कोण असणार? मीच होतो.

"सर, स्ट्रोलर बघताय? ट्रॅव्हलसाठी की डेली यूजसाठी?" मुलगी गोड होती हो, पण बोलायची अशी, की पाठ केलेली कविता मधे थांबवली तर पहिल्यापासून म्हणावी लागेल. "हा बघा सर, साडेपाच किलो, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसतो, एका हातानं घडी!" खटॅक्.

"आणि पोर?"

"पोर काय सर?"

"घडी घालताना पोर कुठं ठेवायचं?"

"हा बघा सर, साडेपाच किलो..."

मग मी म्हटलं, आपणच करून बघू. पण पोर आणायचं कुठून? कोपऱ्यात पाण्याचा जार होता, अर्धा भरलेला. उचलला, कडेवर घेतला. बोक्याएवढाच, खरं सांगतो, आंघोळीनंतर असतो तसाच गार नि तसाच निसटता. उजव्या कडेवर जार, डाव्या हातानं बटण, दांडी ओढली, जार वाकला, डुबुक, डुबुक, डुबुक... पाणी माझ्या शर्टातून पँटीत, पँटीतून बुटात! गाडी अर्धी मिटली, माझं बोट त्यात, जार निसटतोय, मुलगी ओरडतेय, "सर, जार! सर, जार!" आणि तिचा साहेब आतून पळत आला.

"काय चाललंय हे?"

"घडी घालतोय."

"जार घेऊन?"

"जार बरा, साहेब. पोर तर लाथा मारतं."

तो साहेब हसला. पोट धरून हसला. डोळे पुसत म्हणाला, "अहो दादा, तुम्ही निवांत घडी घाला की! पोराला तोवर वहिनी घेतील ना!"

...

मी जार खाली ठेवला. बोट सोडवलं. म्हणालो, "हो, ते लक्षातच आलं नाही."

आता मजा ऐका. बाजूलाच एक गाडी होती. काय गाडी! ट्रॅक्टरसारखी चाकं, जाडजूड गादी, वर छत, पुढं ताट. चार माणसं लागतील जिन्यावरून न्यायला. विमानात काय, बोटीत चढली नसती! आणि माझा हात सारखा तिच्याकडे. ही नेली घरी, की भाऊजी एकदा उचलून बघणार, कंबर धरून खाली बसणार आणि म्हणणार, "नाही बुवा, राहू दे बोका." कुणी मला बोलणार नाही. म्हणतील, अडाणी आहे, काय कळतंय त्याला. मी तिची दांडी धरून किती वेळ उभा होतो देव जाणे. तेवढ्यात बोका मोठासुद्धा झाला. माझ्याबरोबर ट्रकमध्ये पुढं बसायला लागला, भोंगा वाजवायला लागला...

"सर, हा पॅक करू?"

"नाही," म्हणालो. "तो हलका द्या."

का म्हणालो? तोंड आधी पळतं ना माझं!

खोक्यात घालू नका म्हटलं. ढकलतच आणली. बस होती, पण बसलो नाही. ऊन उतरलं होतं, रस्ता मऊ दिसत होता, आणि ती गाडी, तुम्हाला सांगतो, वजनच नाही हो! नुसता हात ठेवायचा. वळली की मी वळायचो, उतार आला की उतरायचो. घरची गल्ली गेली मागं, मला पत्ताच नाही. कालव्याच्या कडेनं झाडाखालून चाललोय, सावल्या गाडीत पडतायत, उठतायत, पडतायत, उठतायत... मला वाटायला लागलं, आत काहीतरी हललं. समोरून येणारे लोक आधी गाडीकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि हसायचे. सामान हलवताना माझ्याकडे बघून कुणी हसलेलं नाही आजवर. बाजूला तरी होतात, नाहीतर शिव्या तरी देतात. एक आजीबाई तर थांबल्याच. वाकल्या. छताखाली बघितलं. रिकामी गाडी. मग वर माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे, पण त्या एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "झोपलंय?"

"हो," म्हणालो.

"झोपू दे," म्हणाल्या.

मग मीच त्यांना विचारलं, आजी, घडी घालताना पोर कुठं ठेवायचं हो? त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि गेल्या आपल्या वाटेनं. हे काय उत्तर झालं?

घरी आल्यावर तालीम. आमचा व्हरांडा म्हणजे विमानतळ, आई तपासणीवाली, मी विमान. भाऊजींनी बोक्याला काढून खाली ठेवला, बटण दाबलं, तोवर बोका जिन्याशी! धरून आणला. पुन्हा बटण, बोका चपलांत, चप्पल तोंडात! मग मुंगी कमरेवर हात ठेवून पुढं आली, हुबेहूब ताई, आवाजसुद्धा तोच, "थांबा, थांबा, तुम्हाला काही येत नाही!" जमिनीवर फतकल मारली, बोक्याला मांडीवर ओढला. तो तिच्याएवढाच! दोघं कलंडली, मुंगी खाली, बोका वर, दोघंही हसतायत. भाऊजी गाडी मिटवायचीच विसरले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसले ते, आवाज न करता.

मी म्हटलं, "मुंगे, बोका असा पळत असला, तर घडी घालताना त्याला ठेवायचा कुठं?"

ती म्हणाली, "मामाकडे."

आता ह्याला उत्तर म्हणतात का? मामा येतोय का विमानात?

आणि आला तो दिवस. विमानतळ म्हणजे काय, काचेचं मोठं दार. तिकीटवाले आत, बाकीचे बाहेर. आई घरीच थांबली होती. भाऊजींच्या पाठीवर पिशवी, मुंगी गाडीची दांडी धरून, बोका पट्ट्यात बांधलेला, झोपलेला. दारावरचा रखवालदार म्हणाला, "तिकीट नसलेल्यांनी मागं व्हा." मी एक पाऊल मागं झालो. पुढं विमानाच्या दाराशी गाडी मिटवायची असते म्हणे. तेव्हा पोर... जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

भाऊजींनी गाडी ढकलली. हलेना. पुन्हा ढकलली. हलेना! मागची रांग सुरू झाली, "चला ना! काय झालं? अहो, बाजूला तरी घ्या!" भाऊजींच्या कपाळावर घाम, माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, इथंच ही दशा, तर वाटेत काय करू मी? नाही जमायचं मला... घे. घे ह्याला. राहू दे तुझ्याकडे." आणि बोक्याचा पट्टा सोडायला लागले! मुंगी दांडी सोडेना, "नको बाबा! बांधा त्याला! मामा, सांग ना!"

मी खाली बघितलं. मागच्या दोन चाकांमधे एक पट्टी असते, पायानं दाबली की चाकं जाम. दाबलेली होती. कुणी दाबली? दुसरं कोण! आमच्या कामात चाकांची वस्तू थांबली, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. ट्रॉली असो, फ्रिजची गाडी असो. बोलायचंसुद्धा लागत नाही.

कुणाला दिसलं नव्हतं. नुसते हात पुढं करायचे होते, बोका आलाच असता. झोपेतच.

वाकलो नाही. वाकलो असतो तर उठलो नसतो. उभ्या उभ्याच बुटाचं टोक त्या पट्टीखाली घातलं आणि ब्रेक वर काढला.