महिन्याला चाळीस पोती

खेळातून मुलं घडतात आणि मुलं वस्ती घडवतात, असं फुटबॉलच्या मास्तरांनी अर्जात लिहिलं होतं. मैदानाची परवानगी वाढवून घ्यायला ते पालिकेत तासभर रांगेत उभे होते. मागे त्यांच्या संघातल्या गोलकीपर मुलीची आई.

"मास्तर, तुमचा तो नियम बदला."

"पोतंभर कचरा आणेल तोच खेळेल, तो?"

"तोच. गल्ली कधीच चकाचक झाली. काल कन्येनं आजीची गादी पोत्यात कोंबली."

"जुनी असेल."

"सासूबाई नुकत्याच तिच्यावरून उठल्या होत्या. आता त्या खुर्चीत बसून झोपतात."

"मी समजावतो तिला."

"समजावून काय होणार? तिला खेळायचंय. नियम काढा."

"ताई, दर महिन्याला पालिकेला चाळीस पोती दाखवतो, म्हणून तर मैदान आहे. पोती संपली की मैदान संपलं."

"या महिन्यात किती कमी पडतायत?"

"दोन."

"उद्या पाठवते. यांचं कपाट आवरायचंच होतं."

तेवढ्यात नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचलाच नाही. दर महिन्याला एवढा कचरा निघणाऱ्या वस्तीला स्वतःचा कचरा डेपो मंजूर झाला होता आणि त्यासाठी मैदानाची जागा ठरली होती.