ताप कधीपासून?

(खडकीतला एक दवाखाना, दुपारची वेळ. पाच वर्षांची मुक्ता आईच्या, उत्कर्षाच्या मांडीवर; शेजारी पाळणाघर चालवणाऱ्या मथुराबाई.)

डॉ. सुनीती : जीभ बाहेर काढ, मुक्ता. अजून. शाबास! ताप कधीपासून म्हणालात?

उत्कर्षा : आज सकाळपासून. म्हणजे, पाळणाघरात सोडलं तेव्हा कपाळ गार होतं. विचारा मावशींना.

मथुराबाई : गार होतं. दारातच हात लावून बघते मी सगळ्या पोरांना. अकराला तापली. फ्रॉक बदलताना पाठीवरनं हात फिरवला, तर रव्यावरनं फिरवल्यागत लागलं. मग उत्कर्षाताईंना हिंजवडीला हापिसात फोन लावला न् पोरीला घेऊन हितं आले.

डॉ. सुनीती : बरं केलंत. खोकला? सर्दी?

उत्कर्षा : काहीच नाही. घसा दुखतो म्हणते. जेवत नाही.

डॉ. सुनीती : मानेत गाठी आहेत, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जीभ लालभडक. वर खोकला नाही, सर्दी नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू दिसतायत. घशातून बोळा फिरवून तपासायला पाठवते, उत्तर परवा येईल. औषध मात्र आजच सुरू. पेनिसिलिनने कधी त्रास झालाय?

उत्कर्षा : नाही. अँटिबायोटिक द्यायलाच हवं का? घसाच तर आहे.

डॉ. सुनीती : घसा आपोआपही बरा होईल. पण क्वचित एखाद्या मुलात दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात. सुरुवातीपासून नऊ दिवसांच्या आत औषध मिळालं, की तो धोका जवळजवळ टळतो.

उत्कर्षा : नऊ... म्हणजे सोमवारपासून मोजलं, तर?

डॉ. सुनीती : आज गुरुवार. तुम्ही तर सकाळपासून म्हणालात. सकाळचा ताप दुपारपर्यंत अंगभर पुरळ उठवत नाही हो. जंतूंना एवढी घाई नसते.

उत्कर्षा : सोमवारी संध्याकाळी आला. मग रोज सकाळी निघताना पॅरासिटामॉल पाजत होते. सात-वीसची कंपनीची बस. काल आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, हिचे बाबा, आमोद, ऑनसाइट, परदेशात, हिच्या कांजिण्यांत माझ्या सगळ्या रजा संपलेल्या. वाटलं, साधा व्हायरल असेल, शनिवारी दाखवू. मावशी, तुम्हाला फसवलं मी.

मथुराबाई : फसवलं कुठलं! मंगळवारीच सिरपचा वास आला व्हता तिच्या तोंडाला. दारातनं परत धाडली असती तर तुमची बस गेली असती. म्हणून घेतली आत.

डॉ. सुनीती : वा! दोघी मिळून छान पाळणाघर चालवताय.

उत्कर्षा : डॉक्टर, उशीर झालाय का?

डॉ. सुनीती : नाही. चौथा दिवस आहे, वेळेत आलात. पण आता ऐका. परवापर्यंत ही उड्या मारायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल, झालं, बाटली ठेवून द्यावी. ठेवायची नाही. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. आणि ताप उतरून, औषधाचा एक पूर्ण दिवस झाल्याशिवाय मुलांत पाठवू नका.

उत्कर्षा : उद्या रजा घेते. देवोत, नाहीतर न देवोत.

डॉ. सुनीती : मावशी, आणखी कुणाचा घसा दुखतोय?

मथुराबाई : शंभू कालपासनं पाणी गिळताना तोंड वाकडं करतोय. सहा पोरं हायत बाकी. सगळ्यांच्या आयांना कळवते मी. एका पोराला झालंय, एवढंच सांगते. कुणाला, ते कशाला सांगायचं?

उत्कर्षा : शंभूच्या आईला मी सांगते.

मथुराबाई : लय फाडफाड बोलते ती. राहू द्या.

उत्कर्षा : मुक्ताला धरता जरा? ...हॅलो, सुरुची? उत्कर्षा बोलतेय, मुक्ताची आई. शंभूला आजच डॉक्टरांना दाखव. घशाचा संसर्ग आहे, मुक्ताकडूनच लागला असणार. ...हो, औषध आहे, वेळेत दिलं की काही होत नाही. ...नाही, आजचा नाही. सोमवारपासून होता. ...हो.

...हो सुरुची, मला माहीत होतं.