एकाच धड्यावर अडकलेली सोनाली

अगं, त्या वाचनाच्या ॲपचं नाव काढलंस म्हणून सांगते. मी गेवराईकडं शाळेवर होते तेव्हाचं. नवा धडा आधी ॲपमधली बाई वाचून दाखवायची; मग मुलांनी मोठ्यानं वाचायचं, ते त्यात रेकॉर्ड होऊन पुढं तेच ऐकू यायचं, आणि ज्यानं धडा उघडला त्याचं त्या दिवसाचं वाचन आम्हाला दिसायचं.

चौथीतली सोनाली आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, तरी तिच्या नावापुढं रोजचं वाचन दिसायचं. मी खूश! पण धडा एकच.

केंद्रप्रमुख मीटिंगमध्ये चिडले, "बाई, ही पोरगी एकाच धड्यावर का म्हणून अडकली? पुढं सरकवा तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा धडा बदलला आणि दुपारी फोन लावला. तिच्या आजोबांनी उचलला.

"सोनालीला द्या ना जरा."

"ती तिकडं उसाच्या फडावर हाय, बाई. फोन माझ्यापाशीच हाय."

"मग रोज वाचतं कोण?"

"मला कुठं वाचता येतंय? तिनं जायच्या आधी वाचून ठेवलेला धडा ऐकत बसतो."

मग लगेच म्हणाले, "बरं झालं तुमचाच फोन आला. सकाळपासून पोरीचा आवाज येईना, दुसरीच कोन बाई बोलायलीय. माझ्या हातून काय चुकीचं दाबलं गेलं का?"