साडेसातशेचं इंजिन

उतरवू नका, उतरवू नका अजून — राहू द्या टेम्पोतच, मीच चढून बघतो. हां. उभ्यानं चालवायची जेट-स्की आहे ही. बसायला सीट नाय, काय नाय, निस्तं हँडल धरायचं अन् पाण्यावर उभं राहायचं. वळखतो ना साहेब, अख्ख्या बजाजनगरात हिला वळखणारा हा सांडू मिस्त्री एकटाच. आत साडेपाचशे सीसीचं इंजिन आहे, तुम्हाला साडेसातशेचं बसवायचंय — आणलंय का सोबत? त्या पोत्यात? दावा. वा! टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. आता असलं बघायलाबी मिळत नाय. बावीस वर्षं मी टू-स्ट्रोकच उघडली, अन् आता रस्त्यावर बघाल तिकडं फोर-स्ट्रोक, मला कुत्रं इचारत नाय. बसा. पाणी देतो — अर्धाच गिलास देतो, राग मानू नका, आज सहावा दिवस आहे, नळ आला नाय. शहर वाढलं लई, बिडकीनपातूर प्लॉट पडले, पाणी तेवढंच. तेवढं तरी कुठं आहे? तुम्ही नाशिकचे. तुमची धरणं वरच्या अंगाला, आमचं पैठण खाली. तुम्ही सोडाल तवा आम्ही पिणार. जाऊ द्या.

पण खरं सांगा — आधी पुंडलिकनगरला जाऊन आलात ना? सुदर्शनकडं? लाजू नका, सगळे तिकडंच जातात. काचेचं दार, भिंतीला फोटू, फोटूत हा पाण्यावर उभा. बघितला ना? त्या फोटूतली मशीन कुणी बांधली, ते लिहिलंय का खाली? नाय लिहिलं. मी बांधली. माझ्या हाताखाली होता तो, आठ वर्षं. 'उस्ताद' म्हणायचा मला.

मागच्या दुष्काळातली गोष्ट, तीन वर्षं झाली. नानासाहेब म्हणून एक बडी असामी, त्यांची जमीन कंपन्यांत गेली, पैसा आला, मग हौस आली. मुंबईहून जुनी मशीन आणली, अगदी अशीच. पैठणच्या बॅकवॉटरला चालवायची. पण नानासाहेबांचं वजन दांडगं, साडेपाचशेचं इंजिन त्यांना उचलंना. म्हणले, मिस्त्री, मोठं इंजिन बसवा. आता इंजिन बदलणं म्हणजे एक काढलं, दुसरं ठेवलं, असं नसतं साहेब. बुडाला फायबर, इंजिनाचे पाय बसत नाय, भोकं जुळत नाय. नव्या पट्ट्या घडवल्या. अन् खरी गोम कपलिंगची — इंजिनाचा दांडा अन् मागल्या पंपाचा दांडा एका रेषेत पाहिजे, केसभर इकडंतिकडं झालं तर थरथरून सगळं खिळखिळं होतं. चार दिवस पोटावर पडून मी इंजिनाच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवल्या. चार दिवस! हातात हात घातल्यावानी दांडे जुळले. सुदर्शननं काय केलं? कार्बोरेटर लावला, ऑइल किती मिसळायचं ते बघितलं. बास. व्हय, पंपातला पंखाबी त्यानंच बदलला, डोकं आहे त्याला, नाय म्हणत नाय मी.

ट्रायलला गेलो पैठणला. माझी बायको सुरेखाबी आली, भाकरी-ठेचा बांधून, तिला धरण बघायचं होतं. मशीन मी बांधलेली, म्हणून पहिला मी. पोटावर पडून चालू करायची, मग गुडघ्यावर यायचं, वेग आला की उभं राहायचं. मी पडलो. अकरा बारी पडलो. नाकातोंडात पाणी, काठावर माणसं हसतात. मग सुदर्शन गेला. त्याचं गाव तिथलंच, पाण्यात वाढलेला माणूस. एका झटक्यात उभा! अन् काय पळवली — मोठं इंजिन असं गर्जलं की माझ्या अंगावर काटा आला, माझंच काम होतं ना ते. अन् सुरेखा टाळ्या वाजवत म्हणली, "अहो, बघा तरी! पाण्यावर उभा राहिला!" बघा तरी म्हणं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी शंभर इंजिनं जिवंत केली असतील, कधी टाळी वाजली नाय. तिच्या मनात काय नव्हतं, मला ठाऊक आहे. ठाऊक असून काय होतं?

नानासाहेब म्हणले, "मिस्त्री, मशीन तुम्ही बांधली, पण जीव यानं घातला." झालं. तवापासून गॅरेजात जो येईल तो "सुदर्शन कुठंय?" मी समोर उभा, हातात पाना, अन् सुदर्शन कुठंय.

म्हणून सांगतो, त्याच्या फोटूवर जाऊ नका. मे महिन्यात नानासाहेबांनी पाहुणे बोलावले, याचा खेळ दावायला. धरणात पाणी किती? तळाला. जिकडं तिकडं भेगाळलेला गाळ. अन् या बहाद्दरानं भर पाण्यात इंजिन जाम केलं! गाळ ओढला मशीननं. पार पलीकडल्या अंगाला बंद पडली. साडेसातशेचं इंजिन जाळलं त्यानं, हे नाय सांगितलं ना तुम्हाला? पाईप निसटला, पाणी बंद झालं, गरम होऊन पिस्टन चिकटले —

काय? मी गाळच म्हणलो. पाईप? म्हणजे, गाळानं... नाय. तुम्हालाबी समजतं वाटतं यातलं. बरोबर आहे, गाळ आत गेला तर पाईप तुंबतो, निसटत नाय.

क्लिप ढिली होती. इंजिनाला गार करायला पंपातून पाणी येतं ना, त्या पाईपाची क्लिप. हलून ढिली झाली असंल... अहो, असं नका बघू. मी केली. तो चहाला गेला, मी स्क्रूड्रायव्हर घातला, दीड आटा फिरवला. मारायचं नव्हतं कुणाला, आईशप्पथ! काठाजवळच बंद पडंल, चार माणसांत तोंडावर पडंल, एवढंच मनात. पण माझं कपलिंग इतकं चोख की मशीन गेली की गेली, ठिपका झाली. अन् मग आवाज बंद.

उतरून ढकलायला गेला तर कमरंपातूर गाळात. जितकं हलायचा तितका खाली. तरंगायचं जॅकेट काय कामाचं गाळात? ऊन असं की डोळं उघडंना. त्या दिवशीबी सुरेखा आलेली, ती गुडघ्याइतक्या पाण्यात घुसली, "आरं, कुणीतरी जा की!" अन् मी उभा, खिशात स्क्रूड्रायव्हर. भोई लोक थर्माकोलच्या तराफ्यावरून गेले, फळ्या टाकल्या, दोर बांधला. दोन तास लागले साहेब. छातीपातूर गेला होता तवा. वर काढला तर नुसता मातीचा माणूस, त्यात डोळे तेवढे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्यानं इंजिन उघडलं. क्लिप तळहातावर धरली. "उस्ताद, ही ढिली होती." मी म्हणलो, "हलून झाली असंल." त्यानं माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. क्लिपच्या डोक्यावर नवा ओरखडा होता, त्याला दिसला नसंल का? तेवढ्यात नानासाहेब पाहुण्यांना घेऊन आले, तर हा म्हणतो, "गाळ ओढला मशीननं. माझी चूक, उथळ पाण्यात गेलो." चार पाहुण्यांसमोर शिव्या खाल्ल्या. सात दिवस खपून पिस्टन बदलले. आठव्या दिवशी गॅरेजची किल्ली दिली, वाकला, माझ्या पायाला हात लावला अन् गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कानाखाली काढली असती तर मी आज सुखानं जेवलो असतो! पाया पडून गेला भाडखाव. त्या दिवशी सुरेखानं एवढंच इचारलं, "तो काहून गेला?" मी म्हणलो, "मोठा झाला आता." परत तिनं नाव काढलं नाय. पण कधी पैठणची बातमी लागली की उठून आत जाते.

हे कुणाला बोललो नव्हतो. तुमच्यापुढं कसं निघालं काय माहीत. जा तुम्ही, त्याच्याकडंच जा, तो चोख करंल. पण तिथं जाऊन आला होतात तर इकडं कशाला आलात?

काय? कुणी पाठवलं?

त्यानं? परत सांगा. "कपलिंगची रेषा सांडू उस्तादावानी मला जमत नाय" — असं म्हणला? नाशिकच्या माणसाला? हसत म्हणला का? नाय. ग्राहक दारात आलेला, अन् पत्ता माझा लिहून दिला... दावा तो कागद. त्याचंच अक्षर आहे.

म्हणजे कामबी आता त्यानंच द्यायचं मला? चांगलं म्हणायचंबी त्यानंच? सगळं त्याच्याकडूनच घ्यायचं का मी?

इंजिन ठेवा पोत्यात. ठेवा म्हणतो ना. दोर बांधा नीट, बायपासला खड्डे आहेत. अन् त्याला सांगा, सांडू मिस्त्री भेटला नाय. गॅरेज बंद होतं म्हणा.