माझा हिरवा चेहरा

अरे भिया, लालबागच्या प्रदर्शनात आमच्या बायकोने, सुनंदाने, तिने काढलेलं माझं चित्र लावलं, आणि त्यात माझा चेहरा चक्क हिरवा! तिला चित्रकला शिकवणारे जोशीजी बघताक्षणी म्हणाले, "सुनंदाताई, त्वचेचा रंग असा नसतो. आधी नियम, मग मन. अजून वेळ आहे, दुरुस्त करा."

मीही म्हटलं, "कर ना, लोग हँसेंगे."

ती शांतपणे म्हणाली, "सर, यांच्या बायपासनंतर आयसीयूच्या काचेतून हे मला असेच दिसले होते. रंग बदलला तर चेहरा यांचा होईल, पण मी बघितलेला नाही राहणार."

जोशीजींनी चित्र तसंच राहू दिलं. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिलो. मला तर ती आजवर सांगत आली होती, "त्या दिवशी मी जराही घाबरले नव्हते."