दिनकरअण्णांचं लायसन आणि माझी सही

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. चौतीस वर्षं शाळेत वर्गापुढे बोलले, कधी शब्द अडला नाही. आज या हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहिले आणि पहिलंच वाक्य विसरले. स्वल्प थांबते, घोटभर पाणी पिते, मग बोलते.

जे नुकतेच पुण्या-मुंबईहून इथे कानडी मुलखात आलेत त्यांच्यासाठी सांगते. मी सुमनअक्का, आपल्या यशवंतपूरच्या गणपती मंदिराच्या ट्रस्टची अध्यक्ष. आणि दिनकरअण्णा म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाच्या खानावळीचे मालक. दर रविवारी ज्यांचा तांबडा रस्सा तुम्ही ओरपता, ते. बारा दिवसांपूर्वी दुपारी जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. नळ्या नाहीत, सुया नाहीत, हाल नाहीत. असं मरण मागून मिळत नाही.

दुःख आहेच. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला सुटल्यासारखं वाटतंय. हा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला असता, तर मला या सभेला यायला तोंड नसतं. का नसतं, ते आज त्यांच्यासमोरच सांगते.

बारा वर्षांपूर्वी आपला गणपती पत्र्याखाली होता. रस्ता रुंद होणार अशी आवई उठली. अण्णा म्हणाले, "अक्का, कागद नसलेल्या देवाला कुणी विचारत नाही. नोंदणी करून टाकू." सहा महिने फायली घेऊन तेच पळाले. पुढे देऊळ बांधताना दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावर वाद झाला. अण्णांनी हट्ट धरला, दार माझ्या हॉटेलाच्या बाजूला. "गल्ल्यावर बसून मान वळवली की देव दिसला पाहिजे." आम्ही हट्ट पुरवला.

पुढे काय झालं? तुमच्यासारखी पोरं रविवारी यायची, बसायची आणि विचारायची, "काका, बिअर आहे का?" नाही म्हटलं की अर्धी उठून जायची. खानावळ बसायला लागली. स्वयंपाकघरात निपाणीकडच्या सहा बायका, त्यांची घरं त्यावर चालणारी. अण्णांनी ठरवलं, लायसन काढायचं. नवीन लायसन आपल्याकडे मिळणं मुश्कील. कुणाचं तरी बंद पडलेलं आपल्या नावावर करून आपल्या जागेवर आणायचं. हेब्बाळच्या एका आजींकडे तसं होतं, त्या तयार झाल्या.

अबकारी खात्याचे साहेब जागा बघायला आले. नियम असा, की नोंदणी झालेल्या देवळापासून शंभर मीटरच्या आत दारू विकायची नाही. आणि मोजायचं देवळाच्या दारापासून, माणूस चालतो त्या वाटेनं. टेप लावली. ब्याण्णव मीटर भरले! देव नोंदवला अण्णांनी, दार मागून घेतलं अण्णांनी, आणि धोंडा पडला तो त्यांच्याच पायावर. हसा हो, हसा. त्या दिवशी अण्णासुद्धा हसले होते.

उपाय सोपा होता. देवळाचं दार मागच्या गल्लीत घ्यायचं. मग वाट वळसा घालून जाते, जवळजवळ दीडशे मीटर होते. फक्त ट्रस्टच्या ठरावावर अध्यक्षाची सही हवी होती.

मी नाही म्हटलं. दिशा सांगितली, वास्तू सांगितली, देवाची नजर सांगितली. सगळं खोटं! जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी ही बाई गणपतीच्या आड लपून खोटं बोलत होती. खरं कारण एकच. माझे यजमान दारूनं गेले. इथल्या चार जुन्या माणसांखेरीज हे कुणाला ठाऊक नाही, आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

अण्णा आणि मी बोलेनासे झालो. तरी दर संकष्टीला त्यांच्या घरून मोदकांचं ताट यायचंच. अण्णांची बायको शालिनी, आमची शालू, आणून द्यायची. आपल्यात रिकामं ताट परत धाडत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी तेवढीही घातली नाही. शालू, तू एका शब्दानं कधी बोलली नाहीस. तुझी माफी मी आज सगळ्यांसमोर मागते.

मग हेब्बाळच्या आजींचा निरोप आला. महिनाअखेरीपर्यंत जागेचं नक्की करा, नाहीतर मी दुसऱ्याला देते. त्या दुपारी अण्णा देवळात आले आणि पायरीवर बसले.

"अक्का, सही मागायला नाही आलो. एकच विचारतो. नाही कोण म्हणतंय, गणपती की तुम्ही?"

मी भडकले. म्हटलं, "मी म्हणते! माझा संसार बुडाला त्यात."

ते मग म्हणाले, "ठाऊक आहे, अक्का. किती वेळा मीच त्यांना रिक्षात घालून आणलंय. दाराशी बसवायचं, बेल दाबायची आणि जिन्याआड उभं राहायचं. तुम्ही आत घेतलंत की मी जायचो. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून दिसलो नाही."

मंडळी, इतकी वर्षं मी समजत होते, माझा नवरा धडपडत का होईना, आपल्या पायांनी घरी यायचा.

अण्णा पुढे म्हणाले, "ते जिथं बसायचे तिथं लायसन नव्हतं, आणि पुरे म्हणणारंही कुणी नव्हतं. माझ्या गल्ल्यावर मी असेन. तरी तुम्ही नको म्हणालात तर नको. सरी, ठीक आहे, अक्का." आणि चपला घालून निघाले.

मी हाक मारली. "कागद कुठाय?"

"हॉटेलात."

"मग आणा की! मी काय पंचांग बघत बसू?"

केली सही. दार मागं गेलं. साहेबांनी पुन्हा टेप लावली, एकशे सेहेचाळीस मीटर भरले. लायसन आलं त्या दिवशी अण्णांनी ते आधी गणपतीपुढे ठेवलं. मी म्हटलं, "अहो, दारूचं लायसन देवापुढे?" म्हणाले, "जागा त्यांनीच दिली ना?" गल्ल्यावरून देव दिसेना, म्हणून मग रोज सकाळी वळसा घालून दर्शनाला यायचे.

दीड वर्ष त्यांनी शब्द पाळला. कुणाची जीभ लटपटली की जाऊन ग्लास उचलायचे. "साकू, मनेगे होगी." पुरे, घरी जा. तिसऱ्या रांगेतल्या त्या चष्मेवाल्याला विचारा, दोनदा ऐकलंय त्यानं. रागावून गेला होता, पुढच्या रविवारी रस्सा खायला पुन्हा हजर!

आता पुढचं ऐका. लायसन माणसाच्या नावावर असतं. माणूस गेला की वारसाला आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. अण्णांच्या तिसऱ्या दिवसापासून लोक फोन करताहेत, लायसन आम्हाला द्या. शालूनं सगळ्यांना नाही सांगितलं. काल मी तिच्याबरोबर अबकारी ऑफिसात गेले. अर्ज घेतला, पोच मिळाली. शालू बाहेर येऊन पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का, स्वयंपाकघर मी बघेन. पण गल्ल्यावर कोण? पुरे कोण म्हणणार?"

त्याचं उत्तर आज सकाळी सुचलं. सोमवारपासून संध्याकाळी गल्ल्यावर मी बसणार आहे. हो, मीच! गणपती ट्रस्टची अध्यक्ष बारच्या गल्ल्यावर बसली, म्हणून बोलणारे बोलतील. बोलू देत. आणि पोरांनो, माना खाली घालू नका. मी ग्लास नुसता उचलणार नाही, तुमच्या आईला फोनही लावीन.

चला, सगळे उभे राहा. मोबाइल बंद करा. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.

अण्णा, माझ्या माणसाला तुम्ही घरी पोचवत होतात. तुमच्याकडे येणारा एकेक जण घरी पोचला की नाही, ते आता मी बघते. तुम्ही निवांत जा.